बाबा, अंदमानला चला

प्रिय आई आणि बाबा,

अंदमानहून फोन केला तेव्हा बाबांनी "आता तिथे काय राहिलंय?" म्हणून विषयच मिटवला. आई मागून "बंगाली काकू भेटल्या का गं?" विचारत होती, तेवढ्यात रेंज गेली. माझी नव्हे, तुमची. म्हणून आता घरी येऊन सविस्तर लिहिते आहे. तसंही फोनवर बाबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत.

बाबा, आधी तुमच्या टेलिफोन खात्याची गोष्ट. आपण तिथे बदलीवर होतो तेव्हा पोर्ट ब्लेअरहून मुंबईला बोलायचं तर सगळी भिस्त उपग्रहावर. रविवारी रात्री अबर्डीन बाजारातल्या एसटीडी बूथसमोर आपली रांग, आणि लाइन लागली की आजीला "ऐकू येतंय का?" विचारण्यातच निम्मे पैसे संपायचे. खात्यातल्या माणसाचं कुटुंब रांगेत उभं आहे यावर शेजारी हसायचे, आणि तुम्हाला त्याचा केवढा अभिमान! 2020 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राच्या तळाशी टाकलेली केबल सुरू झाली. सुमारे 2,300 किलोमीटर. हॅवलॉक, रंगत, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा करत ती थेट ग्रेट निकोबारपर्यंत गेली आहे. हॅवलॉकच्या जेट्टीवर एक शहाळेवाला एका हाताने कोयता चालवत दुसऱ्या हातातल्या फोनवर मुलीला बघत होता. ती चेन्नईला नर्सिंग शिकते. मला म्हणाला, "देखिए, बुखार है फिर भी हॉस्टल में पंखा फुल." पैसे घेतले स्कॅन करून. तुम्ही असतात तर शहाळं बाजूला ठेवून त्याला केबलचा मार्ग समजावत बसला असता.

विमानतळाची नवी इमारत 2023 च्या जुलैमध्ये सुरू झाली, शिंपल्याच्या आकाराची. आत गारेगार, बाहेर पाऊल टाकलं की तोच आपला चिकट घाम. आई, तुझी ती नॅनकौरी बोट, तीन दिवस लिंबू हुंगत पडून राहणं, हॅडो धक्क्यावर उतरल्यावरही जमीन डुलत राहणं, हे आता फारशा पर्यटकांच्या वाट्याला येत नाही. बेटावरची माणसं मात्र अजूनही बोटीने जातात, त्यांना तिकिटात सवलत असते. कांदे-बटाटेही अजून बोटीनेच येतात. बोट लांबली की कांद्याचा भाव चढायचा आणि तू 'डेली टेलिग्राम्स' पेपरमध्ये आधी जहाजाचं वेळापत्रक बघायचीस. काकू आता ते फोनवर बघतात.

काकू भेटल्या तर. डेलानीपूरला आपला क्वार्टर जिथे होता तिथे आता तीन मजली सिमेंटची इमारत आहे. उतारावरच्या पत्र्याच्या छपरांची लाकडी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. लाकूड पूर्वीसारखं मिळतही नाही. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कडक बंधनं घातली. 1883 पासूनची चॅथमची सॉ मिल आहे तिथेच आहे, आता लोक ती तिकीट काढून बघतात. काकू त्याच गल्लीत, पण वरच्या मजल्यावर. खाली मुलाने पर्यटकांसाठी खोल्या काढल्या आहेत. मी जुन्या घराबद्दल हळहळायला लागले, पावसाचा पत्र्यावरचा आवाज वगैरे, तर त्यांनी चहाचा कप माझ्यासमोर जरा जोरातच ठेवला. म्हणाल्या, "वो आवाज़ अच्छा लगता था क्योंकि बाल्टी हम लोग रखते थे. आप लोग तो ट्रान्सफर होके चले गये." मग वाळवीचं सांगितलं, चक्रीवादळात उडालेल्या पत्र्यांचं सांगितलं. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावात उन्हाळ्यात नळाला अजूनही रोज पाणी येत नाही, तेही सांगितलं. बाबा, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते आहे. तुम्ही 'अंदमान बिघडलं' म्हणता तेव्हा तुमच्या मनात आपली बदलीची वर्षं असतात. काकूंचं आयुष्य तिथे चाललं आहे, आणि त्यांना लिफ्टसुद्धा हवी आहे.

गर्दी आहे, हे कबूल. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर संध्याकाळी आपण आणि कोळ्यांची दोन-चार पोरं असायचो. आता सूर्य बुडाला की लोक टाळ्या वाजवतात. कशाबद्दल, कोण जाणे. पण 2020 मध्ये त्या किनाऱ्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, कपडे बदलायला खोल्या झाल्या, आंघोळीची सोय झाली. आई, तू साडी धरून आडोसा करायचीस ते दिवस गेले, याचं मला तरी दुःख नाही.

सेल्युलर जेलमध्ये आपल्याकडचे इतके लोक होते की आपण दादरला आहोत असं वाटावं. सावरकरांच्या कोठडीशी सांगलीकडच्या आज्यांचा एक ग्रुप आला, सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या आणि रांगेने आत जाऊन भिंतीला हात लावला. एकीला जिना चढून धाप लागली होती, तरी ती बसायला तयार नव्हती. त्यांचा गाईड मात्र पाच मिनिटांत सगळं उरकून मोकळा. बाबा, तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगायचात ना, की सातपैकी तीनच इमारती उरल्या आणि बाकीच्यांच्या जागेवर हॉस्पिटल आलं, की बाबाराव आणि तात्याराव हे दोघे सावरकर भाऊ एकाच तुरुंगात होते? तेवढंही तो बोलला नाही. मधल्या मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांवर बंगाल-पंजाबातल्या कैद्यांची इतकी नावं आहेत, तिथे तर कुणी थांबलंच नाही. मीच दोघा-तिघांना थांबवून तुमची टेप लावली.

सिप्पीघाट बघून मात्र मी गप्प झाले. वंडूरच्या रस्त्यावर तुम्ही स्कूटर थांबवून पडवळ आणि भेंडी घ्यायचात ती शेतं आठवतात? 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन जवळपास मीटरभर खचली आणि समुद्र आत आला. त्सुनामीचं पाणी ओसरलं, पण हे पाणी काही गेलं नाही. जमीनच खाली गेल्यावर ते जाणार कुठे? भरतीला तिथे खाडी असते. ओहोटीला भाताच्या खाचरांचे बांध अजून दिसतात, चौकोनी, नीट आखलेले, आणि त्यांवर बगळे उभे असतात. लांब लेन्सचे कॅमेरे घेऊन पक्षी बघणारे येतात. त्याच भूकंपाने उत्तर अंदमानचा किनारा उलट वर उचलला, तिथे प्रवाळ उघडं पडून मेलं. ज्याची शेतं होती तो भाजीवाला कुठे आहे, हे कुणाला सांगता आलं नाही.

पाण्याखाली तर त्याहून वाईट. एलिफंट बीचला मी डोकं बुडवून बघितलं. आपण जिथे जांभळी, पिवळी पोवळ्याची झुडपं बघितली होती, तिथे बराचसा भाग तुळशीच्या वाळक्या काड्यांसारखा, करडा. 2010 च्या उन्हाळ्यात समुद्र तापला आणि पोवळी पांढरी पडली. त्यानंतरही तसं झालं. काही ठिकाणी नवी फूट आहे, पोपटमासा दिसला, पण वर जेटस्कीची घरघर. हॉटेलांच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. हॉटेलं नसती तरी हे पाणी तापलंच असतं.

बाराटांग बेटावर गेले नाही. वाटेत जिरकाटांगच्या नाक्यावर अजूनही गाड्यांचा ताफा लागतो आणि जारवा आदिवासींच्या जंगलातून जातो. तो रस्ता बंद करा असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्येच सांगितलं होतं. चुनखडीच्या गुहा बघायला जायचं आणि वाटेत काचेला नाक लावून माणसं शोधायची, हे मला जमलं नसतं.

बाबा, तुम्हाला चिडायचंच असेल तर ग्रेट निकोबारवर चिडा. ड्यूटीवर कॅम्पबेल बेला गेला होतात, परत आल्यावर आठवडाभर गॅलेथिया बेच्या कासवांबद्दल बोलत होतात. ती अंडी घालायला येतात त्याच उपसागरात आता मोठं बंदर व्हायचं आहे, शिवाय विमानतळ, वीजकेंद्र आणि शहर. 130 चौरस किलोमीटरच्या आसपास जंगल त्यासाठी दिलं जाणार. शॉम्पेन आदिवासी त्याच जंगलात राहतात. आणि त्याच बेटाचं टोक, इंदिरा पॉइंट, 2004 मध्ये चार मीटरहून जास्त खचलं होतं. पोर्ट ब्लेअरमध्ये या विषयावर दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारे भेटले. कामं येतील, असं काकूंचा मुलगा म्हणतो. मी त्याच्याशी वाद घातला, जेवण गार झालं.

गावाचं नाव सप्टेंबर 2024 पासून श्री विजयपुरम आहे. रिक्षावाला पोर्ट ब्लेअरच म्हणतो, मीही तेच लिहिते आहे. माउंट हॅरिएटचंही 2021 मध्ये माउंट मणिपूर झालं. तिथून दिसणारा नॉर्थ बेचा दीपस्तंभ जुन्या लाल वीसच्या नोटेवर होता. नव्या नोटेवर आपलं वेरूळ आलं. बाबांच्या पाकिटात ती जुनी नोट अजून आहे, मला ठाऊक आहे.

तर आता कामाचं. डिसेंबर किंवा जानेवारीत आपण तिघं जाऊ. रॉस बेटावर बॅटरीची गाडी फिरते, त्यामुळे आईच्या गुडघ्यांची काळजी नको. जेलचा वरचा मजला बाबांनी हळूहळू चढायचा, घाई करायची नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याआधी उरकून घ्या, टाळाटाळ ऐकणार नाही. संध्याकाळी पाचनंतर लगेच अंधार पडतो, हे लक्षात आहे ना? सगळं पहाटे लवकर करायचं, म्हणजे बाबांच्या सोयीचंच. राहायचं काकूंच्या खालच्या खोलीत. पैशांचं बोललं तर त्या रागावतील, ते मी मुलाशी परस्पर बघते.

दोघांच्या आधार कार्डांचे फोटो या आठवड्यात पाठवा, तिकिटं आत्ता काढली तर स्वस्त पडतील. आणि आई, काकूंनी तुझा गोडा मसाला मागितला आहे, अर्धा किलो. मागच्या वेळचा पुरला नाही म्हणाल्या. मागच्या वेळचा म्हणजे बदलीच्या आधीचा.

तुमची,
धाकटी