पर्च गळाला लागत नाहीत तेव्हा

बॅरी, ओंटॅरिओ
८ फेब्रुवारी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. लेक सिमको या गोठलेल्या सरोवराच्या कुक्स बे या भागात पहाटेपासून दुपारपर्यंत बर्फावर बसूनही तुझ्या हाती वीतभर लांबीचा एकच पर्च, हा गोड्या पाण्यातला मासा, लागला, हे वाचून वाईट वाटले. मात्र फिश फाइंडरच्या, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर मासे तळातून उठून आमिषापर्यंत येत होते आणि तिथूनच मागे फिरत होते, हे तू बारकाईने टिपलेस, याचा मला फार आनंद झाला. मासे नसणे आणि मासे असून त्यांनी न खाणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी असून त्यांचे उपायही वेगळे आहेत, हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर एका भोकाशी धीर धरून बसण्यात अर्थ नाही. पर्च साधारण सारख्या आकाराच्या माशांच्या थव्याने फिरतो, त्यामुळे थवा निघून गेला की ती जागा रिकामी होते. आपण लहानपणी खाडीवर गरवायला बसत असू, तेव्हा भरती मासे आपल्यापर्यंत घेऊन येत असे. इथे भरती-ओहोटी नाही, म्हणून आपणच उठून जायचे. मी गेल्यागेल्या आठ-दहा पावलांच्या अंतराने आठ भोके ऑगरने, म्हणजे बर्फ भेदणाऱ्या गिरमिटाने, पाडून ठेवतो, म्हणजे सगळा गोंगाट आधीच आटोपतो, आणि मग प्रत्येक भोकाला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देत नाही. उथळ भागातील पाणवनस्पती हिवाळ्याच्या मध्यावर कुजू लागल्या की तिथला प्राणवायू कमी होतो, तेव्हा एकतर अजून हिरवी असलेली झुडपे शोधावीत किंवा सरळ खोल पाण्याकडे सरकावे.

तुझ्या बाबतीत मासे होते, म्हणून आता त्याविषयी सविस्तर लिहितो. बर्फाखालचे पाणी शून्य ते चार अंशांच्या दरम्यान असते, आणि माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबरच उतरत असल्याने त्याचे पचन मंदावते व थोडेसे खाणेही त्याला बराच काळ पुरते. अशा माशाला मोठ्या आमिषामागे धावण्याची गरज वाटत नाही. तोंडासमोर आलेला बारीक घास मात्र तो घेतो. तू सहा पौंड ताण सोसणारा तंगूस आणि आमिषाला अख्खी मिनो (छोटी मासळी) वापरलीस, असे लिहिले आहेस. त्याऐवजी दोन किंवा तीन पौंडांचा पारदर्शक फ्लुरोकार्बन तंगूस, बारा किंवा चौदा नंबरचा बारीक गळ, टंगस्टनचा अगदी लहान जिग (गळाला जोडलेले धातूचे वजन) आणि त्यावर एक-दोन अळ्या किंवा मिनोचे नुसते डोके, एवढेच लाव. टंगस्टन शिशापेक्षा जड असल्याने जिग लहान असूनही लवकर तळाशी जातो. १९९० च्या दशकात या सरोवरात झेब्रा शिंपले पसरल्यापासून पाणी फार स्वच्छ झाले आहे आणि पर्च डोळ्यांनी पाहून खाणारा मासा आहे, त्यामुळे जाड तंगूस त्याला नक्की दिसत असणार, असे माझे मत आहे. याच कारणाने उथळ पाण्यात मी भोकात थोडा बर्फाचा चुरा राहू देतो, म्हणजे वरून उजेडाचा झोत पडत नाही. अंधारात मात्र पर्च तळाशी निपचित पडून राहतो, तेव्हा उजाडण्याआधी जाऊन तू झोप मोडू नकोस. उजाडल्यानंतरचे दोन तास आणि मावळतीपूर्वीचा वेळ मला सर्वांत फलदायी ठरला आहे.

हाताची हालचाल हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. जिग तळाला दोन-तीन वेळा हलकेच टेकव, म्हणजे गाळाचा लहानसा ढग उठेल; गाळात कीटकांच्या अळ्या राहतात आणि पर्च त्या शोधत असतो, म्हणून तो ढग त्याला जवळ बोलावतो. मग जिग वीतभर वर घे आणि पूर्ण स्थिर धर. मासा पडद्यावर वर येताना दिसला की आपल्याला उत्साहाने हात हलवावासा वाटतो, आणि नेमके तिथेच तो बिथरतो. त्या क्षणी काहीही न करणे किंवा जिग अगदी सावकाश, माशापासून दूर जात असल्यासारखा, वर घेणे, एवढेच करावे. बर्फावर इथे दोन गळ टाकता येतात, तेव्हा एक गळ हलवत राहा आणि दुसरा शेजारच्या भोकात निश्चल ठेव. हलणारा गळ थवा गोळा करतो आणि मासा पुष्कळदा लागतो तो निश्चल गळाला.

मासा लागल्याचे कळणे हेही तितकेच कठीण आहे. काळुंदर जसे आमिष टिपून टिपून खाते आणि हाताला काही कळतच नाही, तसाच थंडीतला पर्च जिग नुसता तोंडात ओढून घेतो. गळाच्या काठीच्या टोकाला बारीक तारेची स्प्रिंग लाव आणि ती खाली वाकण्याचीच वाट पाहू नकोस. ती किंचित वर उचलली गेली किंवा तंगूस सैल पडला, तरी मनगटाने अलगद झटका दे. माझे कितीतरी मासे केवळ हे न ओळखल्यामुळे गेले.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पर्चच्या पोटातील हवेची पिशवी बंद असते, त्यामुळे दहा-बारा मीटरांहून खोल पाण्यातून वर काढलेला मासा परत सोडला तरी बहुधा जगत नाही. म्हणून खोल पाण्यात लहान-मोठे निवडत बसू नये. लागतील ते ठेवावेत आणि घरी पुरतील इतके झाले की थांबावे. शिवाय या दिवसांत माद्यांच्या पोटी अंडी असतात. जिवंत आमिष-मासे एका विभागातून दुसऱ्या विभागात नेण्यावर निर्बंध आहेत, तेव्हा ते सरोवराजवळच विकत घे आणि पावती खिशात ठेव. पांढरा बर्फ निळसर बर्फाच्या निम्म्यानेच मजबूत असतो, हेही विसरू नकोस. मी पंधरा सेंटिमीटर स्वच्छ निळा बर्फ मोजल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

येत्या शनिवारी मी तुझ्याबरोबर येतो. तू फक्त फिश फाइंडर आण. बारीक तंगूस, जिग आणि अळ्या माझ्याकडे आहेत. तुझी ती जुनी जागाच आपण आधी पाहू, कारण तिथे मासे आहेत हे तू स्वतः पाहिले आहेस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
खाडीवरचा सोबती