सोमवारी दोस्त विसरणारी मुलगी आणि आमच्या क्लासची पोरं

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

पोरं दिवसभर जपानी कार्टून बघतात, बिघडलीत, पुस्तकाला हात लावत नाहीत, अशी पत्रं तुमच्या या सदरात अधूनमधून येतात आणि मी वाचून गप्प बसतो, पण यावेळी म्हटलं लिहूनच टाकू. मी जुळे सोलापुरात आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेतो, त्यामुळे पोरं काय बघतात हे त्यांच्या आईबापाच्या आधी मला कळतं. आणि माझं म्हणणं असं आहे की ही जी शाळा, प्रेम आणि आठवण जाणं असली ॲनिमे, म्हणजे हीच जपानी कार्टून, आहेत ना, त्यातली निदान एक तरी पालकांनी आणि शाळेतल्या सर-मॅडमनी स्वतः बसून बघावी, कारण तिच्यात जो आजार दाखवलाय तो वर्गातल्या पोरींच्या बोलण्यातून सुरू होतो, अपघात नुसता निमित्ताला.

मला पण हे माहीत नव्हतं. नववीच्या बॅचला बहुपदी चालू होत्या आणि एका पोरीनं मध्येच विचारलं, "सर, एखाद्याला मॅथ्स सगळं आठवतंय आणि दोस्तच तेवढे आठवत नाहीत, असं कसं काय ओ?" मागची पोरं हसायला लागली, म्हणाली ॲनिमेतली आहे ओ सर ती. नाव सांगितलं 'वन वीक फ्रेंड्स'. माच्चा हाझुकी यांच्या मांगावरनं, म्हणजे जपानी चित्रकथेवरनं, 2014 साली आलेली सिरीज, फक्त बारा भाग, एकेक भाग वीस-बावीस मिनिटांचा. बघून टाकली.

गोष्ट अशी. काओरी फुजिमिया म्हणून एक मुलगी, आपल्याकडची अकरावी धरा, वर्गात कुणाशी बोलत नाही, सगळे म्हणतात लई घमेंडी आहे. युकी हासे नावाचा एक साधासुधा पोरगा, अभ्यासात यथातथाच, तिच्यापुढं जाऊन सरळ म्हणतो माझ्याशी मैत्री कर. ती म्हणते नाही जमणार. मग हळूहळू दोघं शाळेच्या गच्चीवर डबा खायला बसायला लागतात आणि तेव्हा ती सांगते की माझे जे मित्र होतात त्यांच्या सगळ्या आठवणी दर सोमवारी पुसल्या जातात. आई-बाबा आठवतात, अभ्यास आठवतो, गणितात तर ती हुशार. ज्याच्यावर जीव जडला तोच तेवढा जातो. म्हणजे सोमवारी सकाळी ती हासेला ओळखत नसली तर त्याचा अर्थ गेल्या आठवड्यात ती त्याला खरंच दोस्त मानत होती, हे त्या बिचाऱ्यानं समजून घ्यायचं. आणि तो काय करतो, तर परत जातो आणि परत विचारतो, मैत्री करशील का. पुढं तिला डायरी लिहायला सुचवतो. ती डायरी पण हरवते एकदा. बारा भागात मारामारी नाही, गाणी नाहीत, दोघांची जोडी सुद्धा नीट जुळत नाही शेवटपर्यंत, आणि तरी आमची पोरं रडतात ती बघून, दहावीची मोठी मोठी पोरं.

मला आवडलं ते हे की हासे काही हिरो नाही. रुसतो, जळतो, तिचा जुना ओळखीचा मुलगा शाळेत आल्यावर तर याचं तोंड बघण्यासारखं होतं. त्याचा दोस्त किर्यू त्याला तोंडावर सुनावतो, मला तर बारा भागात तोच जास्त आवडला.

आता मुख्य मुद्दा. फुजिमियाला हे झालं कशानं? प्राथमिक शाळेत असताना एका मुलावरनं तिच्याच मैत्रिणींनी तिला घेरून विश्वासघातकी ठरवलं, ती तिथनं पळत सुटली आणि गाडीखाली आली. बरी झाली, पण तेव्हापासून मैत्रीच्या आठवणी टिकेनात. म्हणजे मुळात मैत्रीत बसलेला मार आहे हा.

हे बघताना मला आमच्या क्लासची एक पोरगी दिसत होती. चांगली चार मैत्रिणींच्यात असायची, सायकली पण एकत्र लावायच्या. मग काय झालं कुणास ठाऊक, एका रात्रीत व्हॉट्सॲप ग्रुपमधनं हिला काढलं आणि नवीन ग्रुप केला, नाव तेच, पुढं फक्त एक बदाम वाढवला. हिला ते कळलं कारण क्लासमध्ये पुढच्या बाकावरचा मोबाईल हिच्या डोळ्यासमोर वाजला. तेव्हापासून ती क्लास सुटायच्या पाच मिनिटं आधीच वही दप्तरात घालून ठेवते, म्हणजे सुटलं की पहिली बाहेर, सायकलचं कुलूप काढून गेटपर्यंत पोचलेली असते, बाकीच्या खाली यायच्या आत. मी पाहतो रोज. तिच्या शाळेत, नाव घेत नाही, तिच्या आईनं जाऊन सांगितलं तर उत्तर मिळालं की पोरींची भांडणं ओ, होतात आणि मिटतात, तुम्ही घरी मोबाईल काढून घ्या. मोबाईल काढून घेतला. झालं काय, जे एक-दोघे बोलत होते ते पण बंद झाले. आणि बहुपदीच्या मधी तो प्रश्न विचारणारी हीच पोरगी, म्हणून मला त्याचं उत्तर नीट द्यायचं होतं.

मी गणिताचा माणूस, डॉक्टर नाही, पण वाचलं थोडं. मेंदूत आठवण काही एकाच कप्प्यात नसते. अमेरिकेत 1953 साली एका तरुणाचं फिटसाठी ऑपरेशन झालं, मेंदूच्या दोन्ही बाजूच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नवीन आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराच भाग काढला, फिट कमी झाल्या पण त्यानंतर नवीन काही लक्षातच राहीना, कालच्या डॉक्टरला आज नव्यानं भेटायचा. पुस्तकात त्याला एच. एम. म्हणतात. पण गंमत बघा, आरशात बघून चांदणी गिरवायचं काम त्याला दिलं तर दिवसागणिक हात सुधारत गेला, आणि विचारलं तर म्हणायचा हे मी पूर्वी कधी केलेलंच नाही. म्हणजे हाताचं शिकणं एकीकडं आणि प्रसंगांची आठवण दुसरीकडं. तेव्हा गणित शिल्लक आणि बाकीचं गेलं हे एवढं अशक्य नाही. पण फक्त दोस्तच जाणं आणि ते पण सोमवार बघून, हे मेंदूच्या जखमेनं होत नाही. ते मनाचं काम. आणि मन काय करू शकतं याची एक केस 2010 साली छापून आली होती, एका बाईचा कार अपघात झाला आणि त्यानंतर तिला दिवसभराचं नीट आठवायचं पण रात्री झोपली की सगळं साफ, अगदी 2004 च्या 'फिफ्टी फर्स्ट डेट्स' सिनेमासारखं. संशोधकांनी तिला न सांगता आजच्या गोष्टींत कालच्या गोष्टी मिसळून तपासलं तर कालचं पण तिला येत होतं! आणि तरी ती ढोंग करत नव्हती, आठवण अशीच जाते असं तिच्या मनानं धरलं होतं. मी हे पोरांना सांगितलं तेव्हा नववीची अख्खी बॅच गप्प, एवढी शांतता मला कधी पायथागोरसला मिळालेली नाही.

काही पालक म्हणतात हे असलं परदेशी आपल्या पोरांना कशाला. अहो, आठवण गेलेला प्रियकर आपल्याला जपान्यांनी शिकवायची काय गरज? दुर्वासांचा शाप आणि भर दरबारात ओळख न देणारा दुष्यंत, हे कालिदासाचं आहे, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ते संगीत शाकुंतल करून स्टेजवर उभं केलं. फरक इतकाच की तिथं मासळीच्या पोटातली अंगठी सापडली की राजाला झटक्यात सगळं आठवतं, शाप होता म्हणून तो सुटला पण. हासेला अंगठी नाही. 2008 च्या गजनीत पण पंधरा मिनिटांची आठवण होती पण तिचा उपयोग शेवटी बदला घ्यायलाच. आपल्या पिक्चरात आठवण गेली की ती परत आणायची घाई असते, इथं ती येईल न येईल, आज डबा सोबत खाऊ एवढंच.

याचा अर्थ सगळं बघा असं नाही हं. 2007 ची 'एफ' म्हणून एक सिरीज आहे, तिच्यातल्या मुलीची आठवण तेरा तास टिकते, बनवलीय जबरदस्त पण मुळात ती मोठ्यांच्या गेमवरनं घेतलेली आहे, आठवी-नववीच्या पोरांनी बघायची नाही, माझं स्पष्ट मत. 'गोल्डन टाइम' कॉलेजची आहे, त्यात पोरगा पुलावरनं पडून बारावीपर्यंतचं सगळं आयुष्य विसरतो आणि जिला मनातलं सांगून उत्तराची वाट बघत होता तीच त्याला कॉलेजात भेटते. चांगली आहे, लांबवलीय जरा. आणि 'वन वीक फ्रेंड्स' बद्दल पण माझी तक्रार आहेच, फुजिमियाला फारच गोड आणि लाचार केलंय, तिला राग येत नाही का कधी, आणि ज्या पोरींनी तिला घेरलं त्यांचं पुढं काय झालं, त्यांना कुणी चार शब्द सुनावले का, त्यावर कुणी धड काही बोलत नाही. शाळेत पण तसंच होतं, जिला मार बसला तिलाच सगळे समजवतात.

तर साहेब, मागणं दोन. एक, तुमच्या शनिवारच्या पुरवणीत सिनेमाला पान देता त्यात एक छोटा कॉलम ॲनिमेला द्या, कुठली कुठल्या वयाला हे नीट लिहिलेलं, कारण पालकांना ते कुणी सांगत नाही आणि पोरं आपलं आपलं बघतात. दुसरं भाषेचं. क्रंचीरोल या ॲनिमे बघायच्या ॲपवर बरीच ॲनिमे हिंदी, तमिळ, तेलुगूत डब होऊन येतात, आमच्या अशोक चौक, साखर पेठेकडची तेलुगू घरातली पोरं घरी आजीला शेजारी बसवून तेलुगूत बघतात. मराठीत मला अजून काही दिसलेलं नाही. 2019 साली चाहत्यांनी ऑनलाइन सह्या गोळा केल्या आणि 'वेदरिंग विथ यू' हा ॲनिमे सिनेमा भारतात थिएटरला लागला, म्हणजे मागितलं तर मिळतं. तुम्ही आवाहन छापा, सह्या मी क्लासमधनंच सुरू करतो, पालकसभेत पण फिरवतो.

आपला,
एक क्लासवाले सर, जुळे सोलापूर