भाषांतराच्या टेबलावरच्या मंडळींचे आभार

वर्डकॅम्प म्हणजे वर्डप्रेसवाल्यांचा मेळावा. त्याच्या कॉन्ट्रिब्यूटर डेला, म्हणजे सगळे मिळून वर्डप्रेससाठी काम करतात त्या दिवशी, ज्यांनी मला भाषांतराच्या टेबलावर बसवून घेतलं, त्यांचे मनापासून आभार. २००३ साली आलेलं वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर, स्वयंसेवकांच्या बळावर वाढलं, हे नुसतं वाचून होते. तुम्ही माझं एकेक वाक्य तपासलंत, ‘हे वाचणाऱ्याला कळेल ना?’ एवढंच विचारत राहिलात. सुचवलेलं भाषांतर संपादकाने मंजूर केल्याशिवाय कुणाच्या पडद्यावर दिसत नाही. ते तपासून मंजूर करायचं काम तुम्ही नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता करता. केवढी चिकाटी लागते त्याला! सभागृहात माईक घेऊन धावणाऱ्यांचेही आभार. त्यांच्यामुळेच मी चारचौघांत पहिला प्रश्न विचारू शकले. पुढच्या वेळी नोंदणीच्या कामाला माझं नाव धरा, सकाळी लवकर येते.