राखाडी चौकोन आणि दहाव्याचा फोटो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पंचवटीत आमचा फोटो स्टुडिओ आहे, रामकुंडापासून चालत पाच-सात मिनिटांवर. वडिलांनी सुरू केला तेव्हा मागच्या खोलीत डार्करूम होती, आता मी आणि माझा मुलगा बघतो, एडिटिंगला दोन पोरं आहेत. पत्र कॉम्प्युटरबद्दलच आहे, पण सुरुवात गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून करतो, दहावे तिथंच होतात, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं स्टुडिओत सगळ्यात घाईचं काम लग्नाचं असेल. तसं नाहीये. आमच्याकडं सगळ्यात घाईचं काम दहाव्याचं असतं.

माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचं कुणीतरी दुकानात येतं, म्हणतं भाऊ, अप्पांचा धड फोटोच नाही, मोबाइलमधले सगळे हललेले नाहीतर ग्रुपमध्ये मागं उभे असलेले, तुम्ही आमच्या ताईच्या लग्नाचं शूटिंग केलं होतं ना २०११ ला, त्यात फेटा बांधलेले अप्पा असतील बघा. आणि असतात. फक्त ते शोधायचे कसे, तर दुसरा मार्ग नाही, लग्नाचं फोल्डर उघडायचं, त्या माणसाला स्क्रीनसमोर बसवायचं आणि दोन-अडीच हजार छोटे फोटो सरकवत जायचं. त्या वेळी कोण नावं टाकून ठेवत होतं. घरच्या माणसाची नजर मात्र अशी असते की नखाएवढ्या फोटोतही बरोबर थांबते. म्हणजे आमच्या धंद्यात थंबनेल ही दिखाव्याची गोष्ट नाही, सगळं शोधकाम त्याच्यावरच चालतं.

मागच्या श्रावणात एक ताई आल्या, वडील गेले होते, परवा दहावा. फोल्डर उघडलं आणि स्क्रीनवर नुसते राखाडी चौकोन. एक फोटो उगवायचा, मग पाच-सहा सेकंद काही नाही, मग दुसरा. खाली सरकवलं की परत सगळं राखाडी. वीस मिनिटं त्या बसून होत्या, मुलगा माऊस धरून नुसता बसलेला, आणि शेवटी त्यांनी हळू आवाजात विचारलं, "डिलीट झालेत का हो?" मी म्हणलं नाही ताई, आहेत सगळे, येतील. पण त्या वीस मिनिटांत त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते मला दिसत होतं, आणि तेव्हापासून मी या प्रकरणाच्या मागंच लागलो.

आधी आमचे फोटो सुट्या हार्डडिस्कवर असायचे, कपाटात लेबल लावून. त्यातली एक गेली, दोन लग्नं कायमची गेली, त्या लोकांसमोर उभं राहणं फार वाईट होतं. म्हणून कोरोनानंतर चार डिस्कचा नॅस बॉक्स, म्हणजे नेटवर्कला जोडायची डिस्कची पेटी घेतली, एक डिस्क गेली तरी फोटो शाबूत राहतात आणि तिन्ही कॉम्प्युटरवरून नेटवर्कने सगळे दिसतात. हा निर्णय बरोबरच होता, आजही तोच घेईन. पण त्या दिवसापासून फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर मुंगीच्या चालीनं चालायला लागलं. विकणाऱ्याला विचारलं तर तो म्हणे कॉम्प्युटर जुना झाला, नवा घ्या, ग्राफिक्स कार्डवाला. घेतला, सत्तर हजार गेले. चौकोन तसेच राखाडी.

खरं कारण सापडलं ते आमच्या गल्लीत सीसीटीव्हीच्या केबल ओढणाऱ्या पोरामुळं. तो कॅमेरा बसवायला आला होता, सहज स्विचकडं, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या केबल जिथं जोडतात त्या डबीकडं बघून म्हणाला काका, हा पोर्ट शंभरवर चाललाय. शंभर म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट, गिगाबिट म्हणजे हजार. आमच्या स्विचवर गिगाबिटला हिरवा दिवा लागतो आणि शंभरला पिवळा, आणि तो पिवळा मी तीन वर्षं रोज बघत होतो. केबलच्या आत तारांच्या चार जोड्या असतात, गिगाबिटला चारही लागतात, शंभरला दोनच पुरतात, त्यामुळं एखादी तार तुटली किंवा क्रिम्पिंग, म्हणजे टोकाला दाबून बसवलेली पिन, सैल झालं तर नेटवर्क बंद पडत नाही, गुपचूप दहापट हळू होतं. कुठंही एरर येत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही.

हिशोब करून बघितला. शंभरच्या लाइनवर सेकंदाला जेमतेम ११-१२ एमबी येतात, गिगाबिटवर ११० च्या आसपास. एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ मोठी फाइल, २५ एमबी धरली तर २०,००० फोटो म्हणजे ५०० जीबी, ते सगळे एकदा नुसते वाचायलाच गिगाबिटवर सव्वा तास आणि शंभरवर बारा तासांच्या वर. सॉफ्टवेअर थंबनेल बनवतं तेव्हा पुष्कळदा हेच करतं, छोटा फोटो बनवायला मोठा पूर्ण ओढून आणतं. खरंतर कॅमेरा प्रत्येक फाइलच्या आतच एक छोटा फोटो ठेवतो, जेपीईजीत तो बहुतेक १६० बाय १२० चा असतो आणि फाइलच्या अगदी सुरुवातीला असतो, रॉमध्ये त्याहून मोठा असतो. तो वापरा असं सेटिंग बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतं. १६०चा मोठ्या स्क्रीनवर धुरकट दिसतो हे मान्य, पण रॉमधला छान चालतो, नुसतं माणूस ओळखायला तर भरपूर.

केबल बदलली, बराच फरक पडला, पण चौकोन पूर्ण गेले नाहीत. एकदा बनलेली थंबनेलसुद्धा दुसऱ्या दिवशी उशिरानेच यायची. इथंच खरी गोम होती आणि ती लोकांना कळावी म्हणूनच हे पत्र लिहितोय. आम्ही सगळं एका जागी सुरक्षित राहावं म्हणून फोटोंबरोबर सॉफ्टवेअरचा कॅटलॉग आणि थंबनेलचा साठाही नॅस बॉक्सवरच ठेवला होता. हा कॅटलॉग म्हणजे कुठला फोटो कुठं आहे याची नोंद ठेवणारा छोटा डेटाबेस असतो, पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूलाइट नावाचा. तो मोठमोठे घास घेत नाही, एवढंसं इथलं वाच, एवढंसं तिथलं वाच, दोघांनी एकदम लिहू नये म्हणून मध्येच कुलूप लाव, कुलूप काढ, असं सेकंदाला कितीतरी वेळा करतो. आपल्या कॉम्प्युटरच्या एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कवर, हे कळतही नाही, पण नेटवर्कवर त्यातल्या प्रत्येक गोष्टीला बॉक्सपर्यंत जाऊन यावं लागतं. आणि बॉक्समध्ये असते फिरती डिस्क, मिनिटाला ७२०० फेरे मारणारी, तिला पाहिजे ती जागा वाचणाऱ्या डोक्याखाली यायलाच सरासरी ४ मिलिसेकंद लागतात, डोकं तिथवर हलायला वेगळे, म्हणजे सेकंदाला शंभरएक ठिकाणं वाचून झाली की ती थकली. त्यात दोन पोरं एकाच वेळी दोन फोल्डर उघडून बसली की विचारूच नका.

आमच्या पोरांना मी असं सांगितलं की माल अंबडच्या गोडाऊनमध्ये असला तरी धंदा चालतो, पण खतावणी गल्ल्याजवळच पाहिजे. गिऱ्हाइकानं भाव विचारला की दर वेळी अंबडला चक्कर मारायची का?

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. एसक्यूलाइट बनवणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की डेटाबेस नेटवर्कवर ठेवताना सांभाळा, हळू तर होतोच पण कुलूपाची व्यवस्था नीट नसली तर फाइल खराबही होऊ शकते. लाइटरूम क्लासिक हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर तर नेटवर्क ड्राइव्हवरचा कॅटलॉग उघडतच नाही, फोटो मात्र नेटवर्कवर चालतात. डिजिकॅम हे तसलंच सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात थंबनेलचा वेगळा डेटाबेस असतो आणि तो आपल्याच डिस्कवर ठेवा असं सांगतात, फोटो कुठंही असोत. आम्ही जे वापरत होतो त्यानं मात्र सगळं नेटवर्कवर ठेवू दिलं, एका शब्दानं सावध केलं नाही. त्याचं नाव घेत नाही, पण राग आहे.

आता काय केलं ते सांगतो. एक कॉम्प्युटर फक्त शोधायचा ठरवला, कॅटलॉग आणि थंबनेल त्याच्या एसएसडीवर आणली, फोटो बॉक्सवरच. रोज रात्री सॉफ्टवेअर बंद करून कॅटलॉगची एक कॉपी बॉक्सवर टाकतो, म्हणजे एसएसडी गेली तरी भीती नाही. मग रात्री मशीन चालू ठेवून सगळ्या फोटोंची थंबनेल एकदाच बनवून घेतली, तीन रात्री लागल्या. दोन लाखांच्या वर फोटो आहेत, थंबनेलचा साठा झाला पाच जीबीपेक्षाही कमी! एवढ्याशा पाच जीबीपायी आम्ही सत्तर हजार घालवले. बॉक्स स्वतःची थंबनेल बनवून प्रत्येक फोल्डरात लपवलेलं फोल्डर ठेवत होता, ते सॉफ्टवेअरला वगळायला सांगितलं, नाहीतर तेही फोटो समजून मोजत बसायचं. वरच्या मजल्यावरचा लॅपटॉप वायफायवर होता, जुन्या वाड्याच्या दोन फुटी भिंती, त्यालाही केबल दिली. आता २०११ चं लग्न उघडलं की स्क्रीन भरून फोटो येतात, सरकवलं तरी येतात.

हे तुम्हाला लिहिण्याचं कारण असं की सिंहस्थ तोंडावर आलाय. २००३ ला आम्ही रोल वापरत होतो, रोलमधले ३६ जपून वापरायचो, २०१५ ला कार्ड भरभरून काढले, आणि आता २०२७ च्या पर्वण्यांना काय होईल ते दिसतंच आहे. शहरातले स्टुडिओवाले आत्तापासून नॅस बॉक्स घेतायत, चांगलंच आहे, पण विकणारे बॉक्स देऊन पैसे घेऊन जातात, कॅटलॉग कुठं ठेवायचा हे सांगत नाहीत, आणि मग सहा महिन्यांनी नवा कॉम्प्युटर विकायला येतात.

दुसरं, जुने फोटो आणि कागद स्कॅन करायचं काम अनेक मंडळं, वाचनालयं, जुनी घराणी करतायत किंवा करायचं म्हणतायत. १९६९ चा पूर, २००८ चा पूर, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर (पूर किती हे आम्ही तिच्यावरूनच मोजतो) पाणी कुठपर्यंत होतं, हे सगळं कुणाच्या ना कुणाच्या ट्रंकेत आहे. त्यांना आमच्यापेक्षा जास्त त्रास होणार आहे. ए-फोर आकाराचं पान ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून टिफमध्ये न दाबता ठेवलं तर एकच फाइल १०० एमबीच्या वर जाते, आणि त्यात बहुतेक वेळा कॅमेऱ्यासारखा आतला छोटा फोटोही नसतो. अशा ५०० पानांचं फोल्डर चांगल्या गिगाबिटवरही पहिल्यांदा उघडायला सात-आठ मिनिटं, पिवळ्या दिव्यावर सव्वा तास. कुणी अभ्यासक बघायला आला तर तो राखाडी चौकोन बघून परत जाईल आणि आयुष्यभर सांगेल की त्यांच्याकडं काही नाही. म्हणून या संस्थांनी स्कॅन करतानाच प्रत्येक पानाची छोटी जेपीईजी करून वेगळी ठेवावी. एकाच वेळी चार-पाच जण बघणार असतील तर एसक्यूलाइटवर न राहता मारियाडीबीसारखा सर्व्हरवरचा डेटाबेस लावून घ्यावा, डिजिकॅममध्ये ती सोय आहे, लावायला मात्र जाणकार माणूस लागतो.

माझी विनंती एवढीच की तुमच्या पेपरात छोट्या दुकानदारांसाठी अशा गोष्टी साध्या मराठीत यायला पाहिजेत, आठवड्याला एक चौकट दिली तरी पुरे. नवीन मोबाइलची माहिती रोज येते, स्विचवरच्या दिव्याची येत नाही. आणि मशीन विकणाऱ्यांना विनंती की नवा कॉम्प्युटर घ्या म्हणायच्या आधी एकदा खाली वाकून केबल बघा.

माझा पत्ता तुमच्या ऑफिसात दिलेला आहे. कुणा स्टुडिओवाल्याला किंवा वाचनालयवाल्याला आमची मांडणी बघायची असेल तर जरूर पाठवा, दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, सगळं उघडून दाखवतो.

आपला,
एक फोटोग्राफर, पंचवटी, नाशिक