मुंबईत कुणीही निमूट पट्टी भरली नव्हती

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या चौकातल्या कारंज्याच्या लोकार्पणाला आपण वेळात वेळ काढून आलात, त्याबद्दल प्रथम आभार. भुयारी गटार योजनेचं काय झालं, असं खालून एका बाईंनी विचारलं, तेव्हा आपण हसून म्हणालात, "ताई, मुंबईची गटारं काय एका रात्रीत झाली? तेव्हा लोकांनी निमूट पट्टी भरली, धीर धरला, म्हणून झाली." टाळ्या पडल्या. पुढच्या दोन रांगा ठेकेदारांच्याच होत्या, त्यामुळे टाळ्यांचं नवल नाही. निवडणुकीआधी याच चौकात "सहा महिन्यांत खोदाई सुरू" म्हणाला होतात, त्यालाही अशाच पडल्या होत्या.

मी निवृत्त होईपर्यंत शाळेत इतिहास शिकवला. आपण मुंबईचं नाव काढलंत, म्हणून हे पत्र. नसतं काढलं तर गप्प बसलो असतो. गप्प बसायची सवय आहे आम्हाला.

निमूट कुणीही भरली नाही, महोदय. 1865च्या कायद्यानं मुंबईचा कारभार जस्टिस ऑफ द पीस मंडळींकडे आला आणि आयुक्त म्हणून आर्थर क्रॉफर्ड बसले. जस्टिस सरकारनं नेमलेले, बरेचसे घरमालक आणि व्यापारी. म्हणजे सभेत जी घरपट्टी मंजूर करायची, ती स्वतःच्याच इमारतींवर बसणार! अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव होता, तेव्हा त्यातून आलेला पैसा बॅक बेचा समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या शेअरांत गेला. 1865 साली युद्ध संपलं, शेअरांची रद्दी झाली, आणि खर्चाची वेळ नेमकी तेव्हाच आली. क्रॉफर्ड हात सैल सोडून खर्च करत. रस्ते केले, मंडई बांधली, आरोग्य अधिकारी डॉ. ह्युलेट यांना घेऊन सफाई लावली. 1871 पर्यंत तिजोरी खडखडीत. करदाते खवळले, नौरोजी फर्दुनजींसारखी माणसं हिशेब मागायला उभी राहिली, आणि क्रॉफर्डना जावं लागलं. याला आपण निमूट म्हणता?

आणि गटार? मुख्य नाला उघडाच, सखल भागातून वरळीकडे जाणारा. भरती आली की घाण जागच्या जागी तुंबे. 1860 साली विहारचं पाणी नळानं आलं. पाणी आणलं, सांडपाणी जाणार कुठे याचा पत्ता नाही. (आमच्याकडेही पाणी योजना आधी, गटार नंतर. दीडशे वर्षांत एवढंच शिकलो.) मग घाण पूर्वेला बंदरात सोडायची की पश्चिमेला समुद्रात, यावर इंजिनिअर आणि समित्यांची वर्षं गेली. इंजिनिअर हेक्टर टुलॉक यांचा जाडजूड अहवाल 1872चा. रिएन्झी वॉल्टन यांची योजना 1878ची. तोवर मैला कोण वाहत होतं? हलालखोर. घरामागच्या अरुंद गल्लीतून, टोपल्यांत. वर त्या नावाचा करही होता, म्हणजे जातीच्या कामावर पट्टी.

ज्यांच्या दारात नाला तुंबे त्यांना मतच नव्हतं. 1872चा नवा कायदा आला, 64 सभासद, निम्मे करदात्यांनी निवडलेले. पण वर्षाला 50 रुपये कर भरणाऱ्यालाच मत. कामाठीपुऱ्यातल्या हमालाला कोण विचारतो? लंडनमध्ये 1858च्या उन्हाळ्यात थेम्सची घाण थेट पार्लमेंटच्या खिडक्यांत शिरली, तेव्हा 18 दिवसांत कायदा झाला. वास खासदारांना आला म्हणून झाला. आपला बंगला चढावर आहे, हे गावाला ठाऊक आहे.

आमची आळी उतारावर. पहिला मोठा पाऊस झाला की चेंबरचं झाकण उचललं जातं आणि मोरीतून काळं पाणी वर येतं. नळाची पाईप त्याच गटारातून गेलेली. दोन पावसाळ्यांपूर्वी हिला कावीळ झाली, ती अजून पूर्वीसारखी झालेली नाही. पायऱ्या चढताना मध्येच बसते. धाकटी सून नातवंडांना घेऊन माहेरी गेली, "बाबा, इथे नको." तिचं काय चुकलं? अर्ज दिले, फोटो दिले. कचेरीत उत्तर एकच, वरून निधी आला की बघू. परवा शेजाऱ्यांची टाकी उपसायला टँकर आला. पाईप अडकली, तर त्याच्याबरोबरचा पोरगा चड्डीवर आत उतरायला निघाला. मी ओरडून थांबवला. तो म्हणाला, "काका, मालक पैसे कापतो." माणसाला असं गटारात, टाकीत उतरवायला बंदी करणारा 2013चा कायदा आहे ना? मेला असता तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2023च्या निकालाप्रमाणे त्याच्या घरच्यांना 30 लाख द्यावे लागले असते. कारंज्याला दोन कोटी लागले म्हणतात, काही जण तीन म्हणतात. खरा आकडा आपणच सांगा.

1871च्या त्या गोंधळात फिरोजशहा मेहता अवघे 26 वर्षांचे होते. लोक क्रॉफर्डवर तुटून पडलेले असताना त्यांनी सांगितलं की, दोष एकट्या माणसाचा नाही, लोकांनी निवडलेलं मंडळ हवं. ऐकणाऱ्यांना ते रुचलं नाही. आणि आपण? शहरांचा कारभार निवडून आलेल्या सभेकडे देणारी 74वी घटनादुरुस्ती 1992ची. तरीही परवापरवापर्यंत राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांत निवडून आलेली सभाच नव्हती, प्रशासक बसले होते. गटाराचा ठराव कुठे झाला, कुणी अडवला, विचारायचं कुणाला? मेहतांनी जे मागितलं, ते आम्हाला मिळालं आणि आपण ते फाइलीत घालून ठेवलंत. पट्टी मात्र वेळेवर. उशीर झाला की व्याज.

मुंबईचीच आणखी एक गोष्ट सांगतो. 1896च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकेशियो व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. माणसं गाव सोडून पळाली, गिरण्या ओस पडल्या. मग प्रशासन गटारांत कार्बोलिक आणि समुद्राचं पाणी ओतत सुटलं. रोग उंदरांच्या पिसवांचा, औषध गटाराला! पण पैसा निघाला. 1898 साली शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टही उभा राहिला. आपण कशाची वाट पाहताय?

माझं मागणं थोडं आहे. योजनेचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, नगरपरिषदेच्या फळ्यावर लावा. शासनाचा हिस्सा किती, गावाचा किती, पहिला हप्ता कधी सुटणार, ते लिहा. खोदाई उताराकडून सुरू करा. पुढच्या सर्वसाधारण सभेला स्वतः या, मंडप नको, माईक नको. पट्टी वाढवायची असेल तर तेही सांगा, मी भरीन. पण निमूट नाही.

आणि खासगी सचिवांना सांगा, "पत्र प्राप्त, पुढील कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे अग्रेषित" असं छापील उत्तर धाडू नये. तसली तीन-चार माझ्या खणात आहेत.

आपला,
उताराच्या आळीतला एक करदाता