हॅम मंडळींनो, उत्तर द्या

महोदय,

पुण्यात हौशी रेडिओचा, म्हणजे स्वतःच्या रेडिओ सेटवरून एकमेकांशी बोलण्याच्या छंदाचा, हॅमचा परवाना असलेली मंडळी कमी नाहीत. तरी संध्याकाळी सेट लावून ‘सीक्यू, सीक्यू’, म्हणजे ‘ऐकणाऱ्या कोणीही उत्तर द्या’, असं पुकारलं, तर उत्तर क्वचितच येतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी परीक्षा दिली आणि व्हीयू३ने सुरू होणारं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळवलं. पण बोलायचं कोणाशी?

मी राहते कोथरूडला. दोन मीटर बँडच्या, म्हणजे सुमारे दोन मीटर तरंगलांबीच्या, लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे हातातल्या पाच वॅटच्या सेटवर वेताळ टेकडीपलीकडचं औंध-पाषाण लागत नाही. चाळीस मीटर बँडवर सकाळी नाशिक, कोल्हापूर छान येतं, कारण तिथे लहरी आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत खाली येतात. मात्र त्यासाठी गच्चीत वीसेक मीटर तार ताणावी लागते, आणि सोसायटीची परवानगी मिळणं परीक्षेपेक्षा अवघड. म्हणून नव्या माणसाची सारी भिस्त शहरातल्या शहरात बोलण्यावर असते.

मला खटकतं ते वेगळंच. ओळखीचे हॅम भेटले की सांगतात, “काल तुमचा आवाज स्वच्छ येत होता.” अहो, मग उत्तर का नाही दिलंत? दोन-चारदा पुकारून कोणी बोललं नाही, की नवखा सेट कपाटात ठेवून देतो. बारा वर्षांच्या मुलालाही हा परवाना मिळू शकतो. त्याने किती दिवस भिंतीशी बोलावं?

डिसेंबर २००४च्या त्सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले, तेव्हा पोर्ट ब्लेअरमध्ये असलेल्या हॅमनी निरोप पोचवले. मुख्य भूमीवर कोणीतरी सेट लावून बसलं होतं आणि उत्तर देत होतं, म्हणूनच ते पोचले.

तेव्हा पुण्यातल्या परवानाधारकांना माझी विनंती आहे. रोज रात्री आठ ते साडेआठ १४५.५०० मेगाहर्ट्झवर सेट चालू ठेवा. तिथे आधीच कोणी बोलत असेल, तर त्यांचं होऊ द्या. पुकारा ऐकू आला तर निदान कॉलसाइन आणि आवाज कसा येतोय एवढं तरी सांगा. मराठीत बोला, इंग्रजीच्या धास्तीने गप्प बसणारे पुष्कळ आहेत. नवखा अडखळला तर त्याचं कॉलसाइन पुन्हा सावकाश विचारा. त्या अर्ध्या तासात मी असतेच.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कोथरूड, पुणे