मंत्री महोदय, आमच्या आबांची मेणबत्ती कुठे टाकलीत?

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी साताऱ्यात तुमच्या खात्याच्या एका कार्यालयात आमच्या आबांची ट्रंक बघायला गेले होते. आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. ट्रंक जिन्याखाली फायलींच्या गठ्ठ्यांमागे सापडली. इटली स्टार हे युद्धपदक होतं, त्याची लाल-पांढरी-हिरवी फीत कुरतडलेली. पे-बुक, म्हणजे शिपायाचं पगाराचं पुस्तक, होतं, वाळवी लागलेलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, पण रिकामा. त्यात बोटभर मेणबत्ती असायची, पिवळी पडलेली, वात काळी झालेली. विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "ती होय? साफसफाईत गेली, बाई. कचराच होता तो."

दोन वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टला तुम्हीच आमच्या गावात आला होता. सैनिकांच्या वस्तूंचं दालन वर्षभरात उभं करतो, घरात असेल नसेल ते द्या, असं माईकवरून सांगितलंत. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. आई नको म्हणत असताना ट्रंक मी नेऊन दिली. पोच मागितली, तर "नंतर देऊ" म्हणाले. त्यानंतर बारा-तेरा हेलपाटे झाले, पंधराही असतील, सगळे एसटीनं, ऑपरेशन झालेल्या गुडघ्यानं. कधी साहेब मीटिंगला, कधी किल्ली दुसऱ्याकडे. आई गेल्या पौषात गेली. शेवटच्या आठवड्यातही "आबांची ट्रंक आली का गं?" विचारत होती आणि मी "येतीय, येतीय" म्हणत होते. मरणाऱ्या आईशी खोटं बोलायची वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत.

आता मेणबत्तीचं ऐका. दुसऱ्या महायुद्धात आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, आठव्या इंडियन डिव्हिजनबरोबर इटलीत. नोव्हेंबर १९४३, सांग्रो नदी पावसानं फुगलेली, सगळीकडे चिखल. मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला आणि त्यांना स्ट्रेचरवरून एका खेड्यातल्या चर्चमध्ये आणलं. घरांची छपरं उडालेली, जाड दगडी भिंतींचं चर्च तेवढं उभं होतं, म्हणून दवाखाना तिथेच. बाकांवर गवत पसरून माणसं निजवलेली. वेदीवर चिमटे, कात्र्या, उकळत्या पाण्याचं पातेलं. कंदिलातलं तेल संपलं तेव्हा गावातली एक म्हातारी वेदीवरची मेणबत्ती पेटवून आबांच्या पायाशी उभी राहिली. तुकडा निघेपर्यंत मेण तिच्या बोटांवर ओघळत होतं, पण हात हलला नाही, असं आबा सांगायचे. उरलेला तुकडा तिनंच त्यांच्या मुठीत दिला. दर दिवाळीला आबा डबा उघडून बघायचे आणि पुन्हा झाकण लावायचे. ती मेणबत्ती आमच्या घरात कुणी कधी पेटवली नाही.

आंगोविल-ओ-प्लँ नावाचं एक चिमुकलं खेडं फ्रान्समध्ये आहे. जून १९४४ मध्ये तिथल्या चर्चमध्ये रॉबर्ट राइट आणि केनेथ मूर या दोन अमेरिकी शिपायांनी ऐंशीच्या आसपास जखमी सांभाळले. जर्मनही सांभाळले, गावातलं एक लेकरूही. आत यायचं तर हत्यार दाराबाहेर ठेवायचं. छपरातून एक गोळा आत पडला, तो फुटला नाही, पण फरशी तडकली. ती फरशी तशीच ठेवली आहे. बाकांच्या लाकडात मुरलेले रक्ताचे डागही तसेच आहेत. ऐंशी वर्षांत त्यावर कुणी रंधा मारला नाही. इटलीतल्या मोंतोने गावानं तर तिथल्या लढाईत कामी आलेल्या आपल्या नाईक यशवंत घाडगे यांच्यासाठी सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. परक्या मुलखातल्या लोकांना आपल्या पोरांची आठवण आहे, आणि साताऱ्यातलं कार्यालय आबांची वस्तू केरात टाकतं!

हा कुठला जिल्हा आहे, महोदय? इथल्या अपशिंगे या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यात सुरू झाली. आजही पहाटे पोरं भरतीसाठी रस्त्यावर पळताना दिसतात. एवढं देणाऱ्या जिल्ह्यासाठी काचेचं एक कपाट तुमच्याकडे नाही? प्रश्न ट्रंकेपुरताही नाही. कोयनेचं पाणी अडवून साठ वर्षं झाली, धरणग्रस्तांची नातवंडं अजून कागदांच्या पिशव्या घेऊन फिरतात. आमच्याकडून घेताना तुम्हाला घाई असते. जमीन घेता, पोरं घेता, मतं घेता, आता ट्रंकाही घेतल्यात. द्यायची वेळ आली की साहेब मीटिंगला असतात. फ्लेक्सला पैसे निघतात, हारांना निघतात, वाळवीच्या औषधाला निघत नाहीत. आमच्यासारख्या किती घरांनी तुमच्या शब्दावर वस्तू दिल्या, त्याची साधी यादी तरी कुणी केली आहे का? नसेल तर आधी ती करा आणि प्रत्येकाला पोच द्या.

येत्या सोमवारी मी ट्रंक न्यायला येते आहे. भाच्याची जीप आणते, तुमची गाडी नको. आईच्या वर्षश्राद्धाआधी ती घरात हवी. सोबत तुमच्या सहीचं पत्र हवं: इटलीतल्या चर्चमधली मेणबत्ती आमच्या कार्यालयानं कचरा म्हणून टाकली, असं स्वच्छ मराठीत लिहिलेलं. ते पत्र मी त्या रिकाम्या डब्यात ठेवणार आहे.

आपली,
सातारा तालुक्यातली एका सैनिकाची नात